आयरिश साहित्य आणि चित्रपट : पदव्युत्तर अभ्यासातील भाषेचा प्रश्न

१

साहित्यकृती आणि तिच्यावर आधारलेला चित्रपट यांचा एकत्रित अभ्यास ही आता विद्यापीठांना नवी गोष्ट राहिलेली नाही. आयर्लंडच्या बाबतीत तर अशा जोडअभ्यासाला भक्कम ऐतिहासिक आधार आहे. डिसेंबर १९०९ मध्ये डब्लिनच्या मेरी स्ट्रीटवर 'व्होल्टा' हे चित्रपटगृह उघडण्यात जेम्स जॉइसचा पुढाकार होता. सॅम्युएल बेकेटने बस्टर कीटनला घेऊन १९६५ साली पूर्ण झालेला 'फिल्म' हा लघुपट लिहिला. नील जॉर्डन हा दिग्दर्शक म्हणून प्रसिद्ध होण्यापूर्वी 'नाइट इन ट्युनिशिया' (१९७६) या संग्रहाचा कथाकार होता. स्वतंत्र आयरिश राज्याने १९२३ साली चित्रपटांच्या आणि १९२९ साली पुस्तकांच्या अभ्यवेक्षणाचा कायदा केला. त्यामुळे लेखणी आणि कॅमेरा या दोहोंना एकाच नैतिक पहाऱ्याखाली वाटचाल करावी लागली. केव्हिन रॉकेट, ल्यूक गिबन्स आणि जॉन हिल यांच्या १९८७ सालच्या 'सिनेमा अँड आयर्लंड' या ग्रंथाने आयरिश चित्रपटाच्या अभ्यासाची शिस्तबद्ध पायाभरणी केली. त्यानंतर साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात चित्रपटाला जागा द्यावी की नाही, हा वाद फारसा उरला नाही.

वाद उरला आहे तो वेगळ्या ठिकाणी. या जोडअभ्यासाची एक सोयीची चौकट तयार झालेली असते. डावीकडे साहित्यकृती, उजवीकडे चित्रपट, आणि मध्ये 'दिग्दर्शक मूळ कृतीशी कितपत प्रामाणिक राहिला' हा प्रश्न. लिअम ओ'फ्लॅहर्टीची 'द इन्फॉर्मर' (१९२५) ही कादंबरी व जॉन फोर्डचा त्याच नावाचा चित्रपट (१९३५), जॉन बी. कीनचे 'द फील्ड' (१९६५) हे नाटक व जिम शेरिडनचा चित्रपट (१९९०), पॅट्रिक मॅककेब यांची 'द बुचर बॉय' (१९९२) ही कादंबरी व जॉर्डनचा चित्रपट (१९९७), अशा जोड्या या चौकटीत सहज बसतात. तुलना करता येते, साम्यभेदांची यादी होते आणि प्रबंधिका पूर्ण होते. परंतु या चौकटीत दोन्ही बाजू इंग्रजी असल्याचे आधीच गृहीत धरलेले असते. आयर्लंडची दुसरी भाषा, खरे म्हणजे कालक्रमाने पहिली भाषा, तिच्यात येतच नाही. आयरिश भाषेला बाजूला ठेवून केलेला हा जोडअभ्यास केवळ अपुरा राहत नाही; ज्या इंग्रजी कृतींसाठी तो केला जातो, त्याही त्याला नीट वाचता येत नाहीत, असे येथे प्रतिपादन आहे.

२

या प्रतिपादनाची पहिली कसोटी म्हणून अॅरन बेटांचे उदाहरण घेता येईल. गॉलवेच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये असलेली ही तीन बेटे आयरिश साहित्याला आणि चित्रपटाला सारखीच आकर्षक वाटत आली आहेत. जे. एम. सिंज १८९८ साली तेथे प्रथम गेला, तो आयरिश भाषा पक्की करण्याच्या हेतूने. त्या वास्तव्यातून 'रायडर्स टू द सी' (१९०४) ही एकांकिका निर्माण झाली. समुद्राने एकामागून एक मुलगे ओढून नेलेल्या मॉर्या या वृद्धेची ही शोकान्तिका भारतातील इंग्रजी विभागांनाही परिचित आहे. तिच्या भाषेचे कौतुक बहुधा 'काव्यात्म' या एका विशेषणात आटोपते. ही काव्यात्मता कोठून आली, याचा शोध मात्र क्वचितच घेतला जातो.

सिंजच्या पात्रांचे इंग्रजी आयरिशच्या वाक्यरचनेवर उभे आहे. नुकत्याच घडलेल्या क्रियेसाठी आयरिशमध्ये 'त्या क्रियेच्या नंतर असणे' अशी रचना वापरतात. ज्या शब्दावर भर द्यायचा, तो वाक्याच्या आरंभी आणण्याची तेथे खास सोय आहे. इंग्रजीत मालकी दाखवणारे जे स्वतंत्र क्रियापद आहे, तसे आयरिशमध्ये नाही. वस्तू माणसा'पाशी' असते. दुःख, भूक, तहान माणूस 'करीत' नाही. ती त्याच्या'वर' असतात. मराठी वाचकाला हे वाचताना परकेपणा वाटण्याचे कारण नाही. 'माझ्यापाशी पुस्तक आहे', 'तिला भूक लागली' ही वाक्ये त्याच वळणाची आहेत. इंग्रजी वाचकाला जी रचना लयबद्ध आणि अपूर्व वाटते, तिच्या मागची आयरिश रचना मराठी भाषकाला अनेक ठिकाणी जवळची वाटेल. सिंजचा मराठी अनुवादक इंग्रजी वाक्याच्या चमत्कृतीत न अडकता तिच्या मागच्या वाक्यापर्यंत पोचू शकला, तर त्याला वेगळी वाट सापडू शकेल. त्यासाठी ते मागचे वाक्य अस्तित्वात आहे, एवढे तरी अभ्यासक्रमाने त्याला सांगितले पाहिजे.

सिंजनंतर तीन दशकांनी रॉबर्ट फ्लॅहर्टी या अमेरिकन दिग्दर्शकाने त्याच बेटांवर 'मॅन ऑफ अॅरन' (१९३४) चित्रित केला. या चित्रपटावरील टीका सुपरिचित आहे. पडद्यावर कुटुंब म्हणून दिसणारी माणसे प्रत्यक्षात एका कुटुंबातील नव्हती. चित्रपटात थरारक वाटणारी शार्क माशांची शिकार बेटांवर केव्हाच बंद पडलेली होती आणि बेटवासीयांना ती चित्रीकरणासाठी नव्याने शिकावी लागली. जॉर्ज स्टोनी यांच्या 'हाउ द मिथ वॉज मेड' (१९७८) या माहितीपटाने ही घडण तपशिलाने उलगडून दाखविली. परंतु सत्यासत्याच्या या चर्चेत भाषेचा मुद्दा मागे पडतो. आयरिश बोलणाऱ्या या माणसांच्या तोंडी चित्रपटात येते ते तुटक इंग्रजी, तेही नंतर लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केलेले. लाटांच्या गर्जनेत ते बहुतांशी बुडून जाते. पडद्यावरची माणसे जणू भाषेवाचून, निसर्गाशी झुंजण्यापुरतीच जगतात. 'आदिम' अॅरनची प्रतिमा घडविण्यात शार्कइतकाच या जवळजवळ भाषाहीन ध्वनिपट्टीचाही वाटा आहे.

याच मुक्कामात घडलेली दुसरी गोष्ट जोडअभ्यासाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. ध्वनिमुद्रणासाठी लंडनला आलेल्या याच अॅरनवासीयांना घेऊन फ्लॅहर्टीने आयरिश सरकारसाठी 'ईहे हॅनखश', म्हणजे 'कथाकथनाची रात्र', हा छोटा चित्रपट केला. १९३५ साली दाखविला गेलेला हा आयरिश भाषेतील पहिला बोलपट. चुलीभोवती बसलेली माणसे, एक गाणे आणि एका वृद्ध कथेकऱ्याने सांगितलेली समुद्रावरची गोष्ट, एवढाच त्याचा ऐवज आहे. पुढे तो नष्ट झाल्याचे मानले गेले. २०१२ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याची प्रत मिळाली आणि त्याचा जीर्णोद्धार झाला. दिग्दर्शक तोच, माणसे तीच, काळही तोच. इंग्रजी चित्रपटात जी माणसे मूकप्राय आहेत, ती आयरिश चित्रपटात कथा सांगतात, गातात आणि ऐकतात. या दोन चित्रपटांना शेजारी ठेवल्यावर विद्यार्थ्याला जे कळते, ते प्रतिमानिर्मितीवरील कितीही सैद्धान्तिक निबंध वाचून कळणार नाही. 'मॅन ऑफ अॅरन' लावणाऱ्या अभ्यासक्रमात हा लहानसा चित्रपट नसणे ही म्हणूनच किरकोळ उणीव ठरत नाही.

३

दुसरे उदाहरण जॉइसच्या 'द डेड' या दीर्घकथेचे. 'डब्लिनर्स' (१९१४) या संग्रहातील ही अखेरची कथा. ती इंग्रजीत आहे आणि तिचे पर्यावरण डब्लिनच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्याचे आहे. आयरिश भाषेचा तिच्याशी वरकरणी संबंध नाही. तथापि कथेचा ताण ज्या प्रसंगांतून वाढत जातो, त्यांतील एक भाषेचाच आहे. भाषा आणि संस्कृतीच्या पुनरुज्जीवनाच्या चळवळीतील मिस आयव्हर्स गेब्रिएलला अॅरन बेटांच्या सहलीचे आमंत्रण देते, तो टाळतो. स्वतःच्या भाषेशी संबंध ठेवायला नको काय, असे ती विचारते, तेव्हा आयरिश ही आपली भाषा नव्हे, असे तो सुनावतो. मेजवानीपूर्वीच निघून जाताना ती निरोप घेते तो आयरिशमध्ये. रात्रीच्या अखेरीस गेब्रिएलला पत्नीच्या मनातील मायकेल फ्यूरीचा शोध लागतो, तो तिच्या पश्चिमेकडील, गॉलवेच्या भूतकाळातून. जो प्रदेश त्याने सायंकाळी नाकारला, तोच रात्री त्याच्या शयनगृहात येऊन उभा राहतो.

जॉन ह्यूस्टनने १९८७ साली, आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यावर, या कथेवर चित्रपट केला. प्रकृतीमुळे त्याला प्रवास अशक्य होता. म्हणून अंतर्गृहातील दृश्ये कॅलिफोर्नियात चित्रित झाली. चित्रपट मूळ कथेशी अत्यंत प्रामाणिक मानला जातो आणि तो बहुतांशी तसा आहेही. पण त्यात मिस्टर ग्रेस नावाचे एक पात्र आहे, जे जॉइसच्या कथेत नाही. मेजवानीला जमलेल्या मंडळींसमोर हा गृहस्थ 'डोनल ओग' या आयरिश लोकगीताचे लेडी ग्रेगरीने केलेले इंग्रजी भाषांतर म्हणून दाखवितो. प्रियकराने सोडून दिलेल्या मुलीचा तो विलाप आहे. ऐकणारे स्तब्ध होतात. गेब्रिएलची पत्नी ग्रेटा स्वतःतच हरवते.

प्रामाणिकपणाच्या मापाने मोजणारा अभ्यासक या प्रसंगाची नोंद 'दिग्दर्शकाने केलेली भर' अशी करील आणि पुढे जाईल. ही भर म्हणजे कथेवरील एक समीक्षात्मक विधान आहे, हे त्याच्या ध्यानात येणार नाही. ग्रेटाच्या मनात गाडलेल्या दुःखाची चाहूल ह्यूस्टन आधीच देतो, आणि ती देतो ती आयरिशमधून आलेल्या, पण दिवाणखान्यात केवळ भाषांतररूपानेच शिरू शकणाऱ्या शब्दांतून. मिस आयव्हर्स वादात जे मांडू पाहते, ते येथे वादाविना घडते. जॉइसच्या कथेत जे सूचित आहे, त्याचे हे दृश्य वाचन आहे. चांगल्या समीक्षालेखाने करावे तेच काम ह्यूस्टनचा प्रसंग करतो. मात्र ते ओळखण्यासाठी गीताच्या मागे आयरिश मूळ आहे, त्या मुळाला मौखिक परंपरा आहे, आणि लेडी ग्रेगरीचे भाषांतर हा साहित्यिक पुनरुज्जीवनाच्या इतिहासाचा भाग आहे, याची जाण हवी. म्हणजे 'द डेड'सारख्या संपूर्ण इंग्रजी कृतीच्या अभ्यासातही आयरिशविषयक ज्ञान हे अलंकरण ठरत नाही; ते वाचनाचे साधन ठरते.

४

चित्रपट साहित्याच्या अभ्यासात येतो तेव्हा तो भाषेचा प्रश्न अधिक टोकदार करतो, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे. ब्रायन फ्रीलचे 'ट्रान्सलेशन्स' हे नाटक १९८० साली डेरी येथे प्रथम सादर झाले. १८३३ सालच्या एका खेड्यात इंग्रज लष्कराचे सर्वेक्षक येतात आणि आयरिश गावनावांना इंग्रजी रूपे देऊ लागतात, असा त्याचा विषय. नाटकातील गावकरी आयरिश बोलतात, असे प्रेक्षकाने मानावयाचे असते. प्रत्यक्षात कानांवर पडते ती इंग्रजी. सैनिक आणि गावकरी एकमेकांना समजत नाहीत, पण प्रेक्षकाला दोघेही समजतात. या संकेतातच नाटकाचा उपरोध आहे: भाषा गमावल्याची कथा गमावलेल्या भाषेत सांगता येत नाही. रंगभूमीला असा संकेत पेलतो. वास्तवदर्शी कॅमेऱ्याला तो सहजी पेलत नाही. पडद्यावरील शेतकरी, त्याचे घर, त्याच्या हातांवरच्या भेगा खऱ्या असताना त्याच्या तोंडची भाषाच तेवढी संकेताने समजून घ्या, असे म्हणणे अवघड होते. चित्रपटाला भाषेची निवड करावीच लागते आणि ती निवड नेहमी काहीतरी बोलून जाते.

ही निवड दीर्घकाळ एकाच दिशेने होत राहिली, त्याला बाजारपेठ आणि भांडवल ही कारणे आहेत. देशात १९५८ साली आर्डमोर स्टुडिओ उभा राहिला. पण आयर्लंडच्या पडद्यावरील प्रतिमेवर पुढेही हॉलिवूड व लंडन यांचाच वरचष्मा राहिला. गेल लिन या संस्थेने १९५९ साली 'मिशे एरे' हा आयरिश भाषेतील पूर्ण लांबीचा माहितीपट प्रदर्शित केला. बॉब क्विन यांनी १९७८ साली 'पोचीन' हा आयरिश कथापट केला. असे प्रयत्न तुरळकच राहिले. १९८१ साली स्थापन झालेले चित्रपट मंडळ १९८७ मध्ये बंद पडले आणि १९९३ मध्ये पुन्हा सुरू झाले. आयरिश भाषेची दूरचित्रवाणी वाहिनी १९९६ साली सुरू झाली. या वाहिनीच्या आणि चित्रपट मंडळाच्या अर्थसाहाय्यामुळे अलीकडच्या वर्षांत परिस्थिती पालटली.

पालटाचे सर्वांत लक्षणीय उदाहरण म्हणजे कोलम बरेड यांचा 'अन कालीन क्यून' (२०२२). सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला तो आयरिश भाषेतील पहिला चित्रपट. त्याचे मूळ क्लेअर कीगन यांची 'फॉस्टर' (२०१०) ही दीर्घकथा, आणि ती इंग्रजीत आहे. गरीब, दुर्लक्षित घरातील एक मुलगी उन्हाळ्यापुरती नातेवाइकांकडे राहायला जाते आणि माया म्हणजे काय ते तिला प्रथमच कळते. दिग्दर्शकाने ही कथा आयरिशमध्ये नेली. बापाच्या तोंडी मात्र इंग्रजी ठेवली. एकाच घरात दोन भाषा आल्यामुळे बापलेकीतील दुरावा कानांनाही जाणवू लागतो. कथेत मुलगी स्वतः निवेदन करते. चित्रपटात ती बहुतेक वेळ गप्प असते आणि ती काय ऐकते यावर प्रेक्षकाचे लक्ष केंद्रित होते. आयरिश साहित्य आधी, त्याचे इंग्रजी भाषांतर नंतर, हा शतकभराचा ठरलेला क्रम येथे उलटा झाला आहे. 'मूळ' कोणते आणि 'रूपांतर' कोणते, या कोटींवर उभी असलेली जोडअभ्यासाची चौकट या एका चित्रपटापुढे अपुरी पडते.

५

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षणीय नाहीत. पहिला आक्षेप वास्तवाचा आहे. येट्स, जॉइस, ओ'केसी यांचे लेखन इंग्रजीत आहे, बेकेटचे इंग्रजीत व फ्रेंचमध्ये. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आयरिश येत असल्याचे सांगितले, तरी शिक्षणसंस्थांबाहेर ती रोज बोलणारे सुमारे ७२ हजारच होते. एवढ्या थोड्यांच्या भाषेची अट सर्वांना का घालावी? या आक्षेपातील आकडे खरे आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही. भाषेचे बोलणारे कमी का झाले, हाच आयरिश साहित्याचा एक मध्यवर्ती अनुभव आहे. १८४५ पासूनच्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच परदेशी गेली. सर्वाधिक झळ पोचली ती आयरिश बोलणाऱ्या पश्चिमेला. ज्या साहित्यात भाषेचा अभावच बोलतो, ते वाचण्यासाठी त्या अभावाचे स्वरूप माहीत असणे अगत्याचे आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. आयर्लंडमधील असे अभ्यासक्रम बहुधा एका वर्षाचे असतात आणि परदेशांतून आलेले विद्यार्थी त्यांत पुष्कळ असतात. वर्षभरात नवी भाषा शिकून तिच्यातील कादंबरी वाचणे अशक्य आहे, आणि सबटायटल्स व भाषांतरे हाताशी असताना त्याची गरजही नाही, असे म्हटले जाते. भाषांतरांचे मोल कोणी नाकारणार नाही. परंतु त्यांच्यावर विसंबण्याची किंमत किती असते, हे मार्टीन ओ काइन यांच्या 'क्रे ना किले' (१९४९) या कादंबरीच्या उदाहरणावरून दिसते. कॉनेमाराच्या एका दफनभूमीत पुरलेली माणसे मेल्यावरही भांडत, चहाड्या करीत राहतात, अशी ही केवळ संवादांतून उलगडणारी कादंबरी. तिचे पूर्ण इंग्रजी भाषांतर २०१५ पर्यंत प्रकाशित झाले नव्हते. तोवर तिच्यावर चित्रपटही होऊन गेला होता (२००७). केवळ इंग्रजीवर विसंबलेल्या वाचकापासून विसाव्या शतकातील एक प्रमुख आयरिश कादंबरी सहा दशके दूर राहिली. विद्यार्थ्याने वर्षभरात ओ काइन मूळातून वाचावा, असा आग्रह नाही. भाषेची रचना, उच्चार, तिच्या लोपाचा इतिहास यांची ओळख आणि दोन-चार लहान उतारे शब्दकोशासह वाचण्याइतकी तयारी एका सत्रात होऊ शकते. जुन्या इंग्रजीसाठी किंवा लॅटिनसाठी हे केले जाते, तेव्हा त्याला कोणी अव्यवहार्य म्हणत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भाषेचा आग्रह पुढे अस्मितेच्या दाखल्यात रूपांतरित होतो आणि 'खरा आयरिश लेखक कोण' या निष्फळ वादाला तोंड फुटते. हे भय निराधार नाही. १९०७ साली 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड'च्या प्रयोगात अॅबी नाट्यगृहात जो दंगा झाला, त्यात सिंजला आयरिश माणसाची बदनामी करणारा ठरविणाऱ्यांचा आवाज मोठा होता. आणि सिंजला तर आयरिश येत होती. भाषेच्या ज्ञानाने लेखकाची किंवा वाचकाची निष्ठा मोजणे चूकच आहे. म्हणून विद्यापीठात आयरिशला स्थान द्यावयाचे ते वाचनाचे साधन म्हणून. ओ'फ्लॅहर्टी अॅरनवर जन्मला. त्याने कादंबऱ्या इंग्रजीत लिहिल्या आणि 'दूल' (१९५३) हा कथासंग्रह आयरिशमध्ये. त्याला एका भाषेत बसविण्याचा हट्ट दोन्ही बाजूंनी सारखाच घातक आहे.

६

मराठी अभ्यासकाने या प्रश्नाकडे दुरून पाहण्याचे कारण नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी' (१९७५) या नाटकाच्या मुळाशी असलेल्या 'पिग्मॅलियन'चा लेखक बर्नार्ड शॉ हा डब्लिनमध्ये जन्मलेला. मराठीत मात्र त्याची ओळख 'इंग्रजी नाटककार' अशीच रुळली. उच्चारावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या समाजाकडे पाहणारा शॉचा कान बाहेरून आलेल्या माणसाचा होता, ही गोष्ट त्यामुळे नजरेआड राहते. सिंज, शॉ आणि बेकेट एकाच 'इंग्रजी साहित्य' या मथळ्याखाली शिकविले जातात, तेव्हा त्यांच्या लेखनातील भाषेचा ताण दिसेनासा होतो.

प्रस्तावित बदल मोठा नाही. आयरिश साहित्य आणि चित्रपट यांच्या कोणत्याही पदव्युत्तर अभ्यासक्रमात आयरिश भाषेच्या परिचयाची एक पत्रिका असावी. निदान एक चित्रपट आणि एक गद्यकृती मूळ आयरिशमधील असावी, भाषांतरासह आणि भाषांतराच्या चर्चेसह. आणि प्रबंधिकेत प्रामाणिकपणाच्या प्रश्नाऐवजी 'ही माणसे कोणत्या भाषेत बोलत असणार, आणि येथे ती कोणत्या भाषेत ऐकू येतात' हा प्रश्न विचारला जावा. 'मॅन ऑफ अॅरन' पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हा एक प्रश्न पडला, तर लाटांच्या आवाजाखाली दडपलेले बोलणे त्याला ऐकू येऊ लागेल. ते ऐकू न येता मिळालेली पदवी आयरिश साहित्याची म्हणावी काय, याचा निर्णय अभ्यासमंडळांनी करावयाचा आहे.